जिम स्टेपलटन: हर्लिंगचा पहिला विजेता कप्तान, आणि तो ऐन वेळी कसा झाला

गवती चहा

हर्लिंगवर (आयर्लंडचा काठी-चेंडूचा मैदानी खेळ) लिही, असा आग्रह इथल्या दोघा-तिघांनी धरला होता. खेळ कसा दिसतो ते तुनळीवर (यूट्यूबवर) पाच मिनिटांत कळतं, त्यामुळे त्यावर शाई खर्च करत नाही. मला लिहायचंय जिम स्टेपलटनबद्दल. १८८७ ची पहिली अखिल आयर्लंड हर्लिंग स्पर्धा जिंकणाऱ्या संघाचा हा कप्तान. गाव थर्ल्स, काउंटी टिपररी. जन्म १८६३ चा, गेला १९४९ मध्ये. विजेत्या कप्तानांची यादी कुठेही छापलेली असो, पहिल्या ओळीत याचं नाव. आणि अंतिम सामन्याच्या तोंडावर येईपर्यंत हा गडी कप्तान नव्हताच!

थोडं मागे जाऊ. १ नोव्हेंबर १८८४ ला थर्ल्समधल्या हेज हॉटेलात मूठभर माणसं जमली आणि गेलिक अ‍ॅथलेटिक असोसिएशन स्थापन झाली (यापुढे जीएए म्हणते). बोलावणं धाडलं होतं मायकेल क्यूसॅकने. हा मूळचा क्लेअरचा, डब्लिनमध्ये स्पर्धा परीक्षांचे क्लास चालवायचा, स्वभावाने जमदग्नी. अध्यक्ष झाला मॉरिस डॅविन, त्या काळचा नामांकित अ‍ॅथलीट. आश्रयदाते तिघे: आर्चबिशप क्रोक, चार्ल्स स्टुअर्ट पार्नेल आणि मायकेल डेव्हिट. म्हणजे एकीकडे चर्च, दुसरीकडे संसदेतलं राजकारण, तिसरीकडे कुळांची चळवळ. तिन्ही बाजूंना ही संघटना आपल्या हातात हवी होती, आणि त्याचा फटका स्टेपलटनच्या स्पर्धेला बसला. ते पुढे येईलच.

हर्लिंग तोवर गावागणिक वेगळं खेळलं जायचं. डॅविनने नियम लिहून काढले. मैदान किमान २०० यार्ड लांब आणि १५० यार्ड रुंद. गोलचे खांब एकमेकांपासून २० फुटांवर, आडवी दांडी १० फूट उंचीवर. संघात २१ जण. सामना सुरू करायची पद्धत मला फार आवडते. दोन्ही संघ मधोमध समोरासमोर रांगा धरून उभे राहायचे, समोरच्याचा हात किंवा त्याची काठी धरायची, मग सोडायची, आणि पंच त्या दोन रांगांमधून चेंडू जमिनीलगत सोडायचा किंवा उंच उडवायचा. ज्याचा हात आत्ता हातात होता त्याच्याच नडगीवर पुढच्या क्षणी काठी बसणार! अंगात गुडघ्यापर्यंतची विजार, लांब मोजे, बूट. हेल्मेट सगळ्यांना सक्तीचं झालं ते थेट २०१० मध्ये.

१८८७ ला काउंटीचा संघ म्हणजे त्या काउंटीचा विजेता क्लब. हर्लिंगमध्ये प्रत्यक्ष मैदानात उतरल्या पाचच काउंटी. टिपररीकडून थर्ल्स. त्यांनी नेना गावात क्लेअरच्या संघाला १-७ विरुद्ध ०-२ असं हरवलं, मग उर्लिंगफर्डला किलकेनीच्या टुलरोनचा ४-७ विरुद्ध शून्य असा धुव्वा उडवला. दुसऱ्या बाजूने गॉलवेचं मीलिक आलं. शॅनन नदीच्या काठावरचं हे खेडं, वेक्सफर्डच्या कॅसलब्रिजला डब्लिनमध्ये हरवून अंतिम फेरीत पोचलं.

इथे घोडं अडलं. नोव्हेंबर १८८७ मध्ये थर्ल्सलाच जीएएचं अधिवेशन भरलं. सशस्त्र क्रांतीवाल्या आयरिश रिपब्लिकन ब्रदरहुडने (आयआरबी) ते ताब्यात घेतलं, डॅविनच्या जागी एडवर्ड बेनेट अध्यक्ष झाला, धर्मगुरू आणि त्यांची माणसं सभात्याग करून बाहेर. संघटना उभी फुटायच्या बेतात. जानेवारी १८८८ मध्ये परत अधिवेशन घेऊन डॅविनला परत आणलं तेव्हा कुठे गाडं रुळावर आलं. त्यामुळे १८८७ ची अंतिम लढत झाली १ एप्रिल १८८८ ला, ईस्टरच्या रविवारी, बर या गावात.

आता मुख्य गोष्ट. त्या मोसमात थर्ल्सचा कप्तान होता किलिननचा डेनिस माहर. बरला जायची वेळ आली आणि प्रवासखर्चावरून वाजलं. खर्च द्यायला स्थानिक मंडळी तयार नाहीत, खेळाडू पदरमोड करायला तयार नाहीत. माहर आणि त्याच्यासोबत सहा जण गेलेच नाहीत. अंतिम सामना तोंडावर, कप्तान गायब, एक तृतीयांश संघ गायब! उरलेल्यांची मोट बांधून जो पुढे झाला तो जिम स्टेपलटन. वय पंचविशीच्या आतबाहेर.

सामना झाला हॉक्टरच्या शेतात. पंच पॅट्रिक व्हाइट. सुरू व्हायलाच दुपारचे तीन वाजले. गोल एकच झाला, कूलक्रूच्या टॉमी हीलीचा. थर्ल्स १-१, मीलिक शून्य. म्हणजे अखिल आयर्लंड अंतिम सामन्यातला पहिला गोल हीलीच्या नावावर आणि पहिला विजय स्टेपलटनच्या.

करंडक नाही, कारण करंडकच नव्हता. पदकं मिळाली, पण पंचवीसेक वर्षांनी. तोवर काही जणांचे केस पिकले असतील, काहींच्या पोरांनी काठी धरली असेल. आजचा थर्ल्स सार्सफिल्ड्स क्लब आपलं मूळ याच संघात सांगतो.

स्टेपलटनचं आयुष्य मात्र पुढे लांबलचक. पार्नेलचा उदय-अस्त, १९१६ चं ईस्टर बंड, स्वातंत्र्ययुद्ध, फाळणी, यादवी, सगळं त्याच्या डोळ्यांदेखत. तो गेला त्याच साली, १९४९ मध्ये, आयर्लंड अधिकृतपणे प्रजासत्ताक झालं.

माझं म्हणणं एवढंच की कप्तान म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे टॉसचं नाणं आणि मुलाखत येते, ते इथे विसरा. त्या काळी कप्तान म्हणजे माणसं गोळा करणारा, त्यांना गावाबाहेर नेणारा, भांडणं मिटवणारा. स्टेपलटनने तेच केलं, आणि तेही अर्ध्या फुटलेल्या संघाला घेऊन.

तिरकीट

मी पयला! मस्त लिहिलंय. पण १-१ म्हणजे नक्की काय? बरोबरी वाटते वाचून. आणि १ एप्रिलला ऐतिहासिक सामना ठेवणाऱ्यांना साष्टांग दंडवत.

गवती चहा

तिरकीट, डावीकडचा आकडा गोल, उजवीकडचा पॉइंट. हा एका संघाचाच गुणफलक. आज एक गोल म्हणजे तीन पॉइंट, त्यामुळे २-५ म्हणजे एकूण ११. तेव्हा तसं नव्हतं. एक गोल कितीही पॉइंटांना भारी. समोरच्याने वीस पॉइंट मारले आणि तुम्ही एकच गोल, तरी तुम्हीच जिंकलात. १८९२ ला गोलची किंमत पाच पॉइंट ठरली, १८९६ ला तीन, ती आजतागायत.

शिवाय गोलच्या दोन्ही बाजूंना आणखी एकेक खांब असायचा, त्यांच्यामधून चेंडू गेला की पॉइंट. ते बाजूचे खांब १९१० मध्ये गेले. आणि बचाव करणाऱ्याने चेंडू स्वतःच्याच गोलरेषेपलीकडे घालवला की समोरच्यांना फोर्फिट पॉइंट. बरला थर्ल्सच्या खात्यात असा एक फोर्फिटही होता. खेळाडूंची संख्या २१ वरून १८९२ ला १७ झाली, १९१३ ला १५.

सदाशिवपेठी शंका

लेख ठीक. पण मूळ मुद्द्याला बगल दिलीत. नेनाला आणि उर्लिंगफर्डला संघ नेला माहरने. ४-७ विरुद्ध शून्य हा विजय कोणाचा? एका सामन्याला उभा राहिला म्हणून स्टेपलटन 'पहिला कप्तान', आणि ज्याने अंतिम फेरीपर्यंत आणलं त्याचं नाव यादीत नाही. याला इतिहास म्हणायचं की हजेरीपट?

आडवाटसरू

शंकाराव, यावेळी चक्क सहमत. आणखी एक. खर्च मागणं म्हणजे मस्ती नव्हे. १८८८ ची टिपररी डोळ्यांपुढे आणा. भाव पडलेले, कुळं खंड भरता भरता मेटाकुटीला आलेली, घरं रिकामी करण्याच्या नोटिसा रोजच्याच. अशा घरातल्या पोराने सुटीच्या दिवशी स्वतःच्या खिशातून भाडं घालून 'काउंटीच्या मानासाठी' जावं, ही अपेक्षा करायला समितीच्या लोकांचं काय जातं? माहरचा बाणेदारपणा मला तरी आवडला.

तिरकीट

पण मग स्टेपलटन आणि बाकीच्यांनी कुठून आणले पैसे? त्यांची घरं काय सोन्याची होती?

गवती चहा

शंका, आडवाटसरू: माहरला खलनायक करायचा माझा बिलकुल विचार नाही. टिपररीतही त्याला कोणी तसं म्हणत नाही. भांडण संघातल्या दोघांचं नव्हतंच, ते खेळाडू आणि समितीचं होतं. जीएएकडे तेव्हा तिजोरी म्हणावी अशी चीजच नव्हती. मैदान कोणाचं तरी शेत, कपडे बदलायला गावातलं हॉटेल, पंच ओळखीतला.

यादीत नाव कोणाचं, याचा निकष साधा आहे. अंतिम सामन्यात ज्याने संघ नेला तो. हा निकष आजही तोच. हजेरीपट म्हणा हवं तर.

आणि हे भांडण मिटलंय असं कोणाला वाटत असेल तर तसं नाही. जीएएचे खेळाडू आजही हौशीच आहेत. डब्लिनच्या क्रोक पार्क मैदानावर ऐंशी हजार लोकांपुढे खेळणारा पोरगा सोमवारी शाळेत शिकवायला किंवा शेतावर जातो. पगार नाही, प्रवासखर्च आणि भत्ता मिळतो. तो किती असावा यावरून खेळाडूंची संघटना आणि जीएए यांच्यात आजही वाजतं.

गार्डचा डबा

भाडं, प्रवास हे शब्द दिसले की मला राहवत नाही, त्यामुळे हा प्रतिसाद लांबणार. माफी नाही.

थर्ल्स हे डब्लिन–कॉर्क मुख्य मार्गावरचं स्टेशन. बर मुख्य मार्गावर नव्हतं. नकाशावर बघा: थर्ल्सहून उत्तरेला बॅलीब्रॉफी जंक्शन, तिथून फाटा रॉस्क्रेकडे, आणि रॉस्क्रेहून आणखी एक फाटा बरला. तेव्हा बरचं सरकारी नाव पार्सन्सटाउन, स्टेशनवर पाटीही तीच. ही शाखा १९६३ च्या सुरुवातीला बंद झाली. म्हणजे ज्याला पदरचे पैसे घालायचे त्याच्यासाठी हा शेजारच्या गावचा फेरफटका नव्हता. एकंदरीतच जीएए वाढली ती रेल्वेमुळे. रविवारच्या खास गाड्या नसत्या तर दोन काउंटींच्या सामन्याला प्रेक्षक आलेच नसते.

आता खरी मेजवानी. याच थर्ल्सचा वीस वर्षांनंतरचा कप्तान टॉम सेंपल, हा रेल्वेत गार्ड होता! जन्म १८७९, ड्रमबेनचा. नोकरीमुळे थर्ल्सला आला. १९०० मध्ये पहिलं अखिल आयर्लंड पदक, तेव्हा साधा खेळाडू. मग थर्ल्सच्या संघाचा, 'ब्लूज'चा कप्तान. १९०६ ची स्पर्धा जिंकली (सामना झाला १९०७ च्या ऑक्टोबरात, किलकेनीला, डब्लिनवर ३-१६ विरुद्ध ३-८). १९०८ ला पुन्हा डब्लिन. पहिल्या सामन्यात २-५ विरुद्ध १-८, म्हणजे ११-११ बरोबरी. पुन्हा खेळवलेला सामना अथायला, तिथे ३-१५ विरुद्ध १-५ असा निकाल लावला.

सेंपलच्या वेळेपर्यंत हर्लिंग बदललं होतं. सतरा जण, जागा ठरलेल्या, सराव नेमाने. सेंपल संघ बांधायचा, कोण कुठे खेळणार ते ठरवायचा, सराव करून घ्यायचा. खेळणं थांबल्यावर टिपररीच्या संघांना तयार करायला लागला. १९१० मध्ये थर्ल्सच्या मंडळींनी शेतकी प्रदर्शनाचं मैदान ९०० पौंडांना विकत घेतलं, त्याच्या मागे लागून ते उभं करणाऱ्यांत सेंपल पुढे. तो गेला १९४३ ला. १९७१ मध्ये त्याच मैदानाला त्याचं नाव दिलं: सेंपल स्टेडियम. जीएएच्या शताब्दीचा, १९८४ चा हर्लिंग अंतिम सामना मुद्दाम क्रोक पार्कऐवजी इथे ठेवला होता, कॉर्क विरुद्ध ऑफली.

म्हणजे एका कप्तानाच्या हाती संघ आला तो प्रवासखर्चाच्या भांडणातून, आणि दुसरा पोटापाण्यासाठी रोज गाडीच्या शेवटच्या डब्यात. रेल्वेवाल्यांनो, कॉलर ताठ करा.

आडवाटसरू

गाडबा, जबरी प्रतिसाद! याचा वेगळा धागा व्हायला हवा होता.

वसईकर मावशी

छान माहिती गं गवती चहा. मला खेळातलं फार कळत नाही, पण ती काठी बघून मला हॉकीचीच वाटली. एवढ्या जोरात आपटतात तर मोडत नाही का? आणि बायका खेळतात का हे, की नुसत्या टाळ्या वाजवायला?

गवती चहा

मावशी, मोडते की! एका सामन्यात दोन-तीन मोडल्या तर कोणी वळूनही बघत नाही, बाहेर उभा असलेला पोरगा धावत नवीन आणून देतो.

हॉकीत चेंडू बहुतेक जमिनीवर. इथे तो काठीने उचलायचा, हातात झेलायचा, काठीच्या पसरट पात्यावर तोलत धावायचं आणि हवेतल्या हवेत हाणायचा. काठी ॲश झाडाची, आणि झाड कुठूनही कापून चालत नाही. जमिनीलगतचा चार-साडेचार फुटांचा बुंधा लागतो. तिथे खोड मुळांकडे वळतं, त्यामुळे लाकडाच्या रेषाही वळतात. पात्याचा बाक त्या रेषांवरच कापला तर काठी टिकते, सरळ रेषांच्या लाकडातून बाक कोरला तर पहिल्याच फटक्याला चिरते. कारागिराकडे गेलात तर तो फळी उजेडात धरून आधी रेषा कुठून कुठे जातात ते बघतो, बोटाने माग काढतो, मगच साचा ठेवून पेन्सिल फिरवतो. सध्या त्या धंद्यावर मोठं संकट आहे. ॲशला बुरशीचा रोग लागलाय, आयर्लंडमध्ये तो २०१२ ला सापडला, आणि झाडं वाळतायत. आता बांबूच्या आणि कृत्रिम काठ्याही दिसायला लागल्या आहेत. स्टेपलटनच्या वेळी यातलं काही नव्हतं, कुंपणाचं झाड हेरून ठेवायचं आणि घरीच तासायचं.

बायकांच्या खेळाला कमोगी म्हणतात, १९०४ पासून आहे. आणि मावशी, २०२५ पर्यंत त्यांना स्कर्टसारखी विजार घालूनच खेळायची सक्ती होती. पोरींनी भर मैदानात शॉर्ट्स घालून निषेध केला, तेव्हा मे महिन्यात खास अधिवेशन घेऊन ९८ टक्के मतांनी नियम बदलला.

वसईकर मावशी

९८ टक्के! मग इतकी वर्षं अडवलं कोणी, त्या २ टक्क्यांनी?

खडूफळा

मूळ लेखात राजकारण दोन ओळींत उरकलंय म्हणून भर घालतो.

जीएएच्या सुरुवातीच्या वर्षांत मैदानावर दोन प्रकारचे प्रेक्षक असायचे. एक खेळ बघायला आलेले आणि दुसरे खेळाडूंची नावं टिपायला आलेले पोलिस. आयआरबीची माणसं क्लबांत शिरली आहेत हे सरकारला पक्कं ठाऊक होतं, आणि ते खोटंही नव्हतं. उलट जीएएने १८८७ मध्ये पोलिसांना सभासदत्वाची बंदी घातली. पोलिस-लष्कराबाबतची बंदी पूर्णपणे उठली ती २००१ मध्ये. 'परकीय खेळ' खेळणाऱ्यांवरची दुसरी बंदी १९७१ ला उठली. त्याआधी क्रिकेट-फुटबॉल खेळताना सापडलेला हर्लर सरळ बाहेर.

स्टेपलटनच्या विजयानंतर लगेच काय झालं तेही महत्त्वाचं. १८८८ ची स्पर्धा पूर्णच झाली नाही. का? तर जीएएने पन्नासेक खेळाडूंची फौज अमेरिकेला धाडली. दौऱ्याला लोक 'अमेरिकन इन्व्हेजन' म्हणतात. हेतू असा की सामने दाखवून निधी जमवायचा. झालं उलटं. हवा वाईट, तिथल्या संघटनांची आपापसात भांडणं, प्रेक्षक कमी, पैसा बुडाला आणि परत यायला डेव्हिटकडून कर्ज घ्यावं लागलं. शिवाय बरेच खेळाडू परतलेच नाहीत, तिकडेच राहिले. थर्ल्सला गाडीभाड्यावरून कप्तान गमावणाऱ्या संघटनेने त्याच वर्षी बोटभाड्याचा हा उद्योग केला!

मग १८९० मध्ये पार्नेलचं विवाहबाह्य प्रकरण बाहेर आलं, देश दुभंगला, जीएएचे क्लब झपाट्याने घटले. १८८७ ची पहिली स्पर्धा शेवटचीच ठरायची वेळ आली होती.

सदाशिवपेठी शंका

खडूफळा यांचा प्रतिसाद मूळ लेखापेक्षा उपयुक्त. मग संघटना वाचवली कोणी?

आडवाटसरू

वाचवण्यात अनेकांचा हात, पण टिपररीपुरतं उत्तर एका गावाच्या नावात आहे: टबरडोरा. बोहरलाहनजवळची ही वस्ती, गाव म्हणणंही धाडसाचं. तिथला कप्तान मायकी माहर, जन्म १८७०. (हो, पुन्हा माहर. टिपररीत दगड मारला तर माहरला लागतो.) या वस्तीने १८९५, १८९६ आणि १८९८ अशा तीन स्पर्धा टिपररीला जिंकून दिल्या, तिन्ही वेळा कप्तान मायकी. १८९५ ला किलकेनीवर ६-८ विरुद्ध १-०, १८९६ ला डब्लिनवर ८-१४ विरुद्ध ०-४. नंतर १८९९ आणि १९०० ला दुसऱ्या क्लबांच्या नेतृत्वाखाली खेळून त्याने आणखी दोन पदकं घेतली. एकूण पाच.

१८९५ चा अंतिम सामना झाला मार्च १८९६ मध्ये, डब्लिनच्या जोन्स रोडवर. तिथला तो पहिला अखिल आयर्लंड दिवस. तेच मैदान १९१३ ला जीएएने विकत घेतलं आणि आर्चबिशप क्रोकचं नाव दिलं. क्रोकची गादीही थर्ल्सलाच, म्हणजे फिरून फिरून भोपळे चौकात.

माझं वैयक्तिक मत: पहिला कोण याचा मान स्टेपलटनला द्या, पण त्या पहिल्या पिढीतला सगळ्यात मोठा कप्तान मायकी माहर. तीनदा संघ नेणं म्हणजे योगायोग नव्हे.

गार्डचा डबा

मोठा कोण हे बघायचं तर सेंपलला कसं विसरता? मायकीकडे तयार भावकी होती, सगळे एकाच शिवारातले. सेंपलने निरनिराळ्या वाड्यांची माणसं एकत्र आणून शिस्तीत खेळवली.

आडवाटसरू

गाडबा, तुम्ही सेंपलच्या बाजूने बोलताय की रेल्वेच्या?

गार्डचा डबा

दोन्ही एकच आहे.

तिरकीट

करंडक कधीपासून मग? फोटोत तर मोठा चांदीचा कप दिसतो.

गवती चहा

तो लियाम मॅकार्थी कप. १९२१ च्या स्पर्धेपासून. लंडनमध्ये जन्मलेल्या आयरिश माणसाच्या नावाचा. पहिल्यांदा उचलला लिमरिकच्या बॉब मॅकॉन्कीने, पण स्वातंत्र्ययुद्ध आणि यादवीमुळे तो सामना झाला १९२३ मध्ये! आता कप्तान क्रोक पार्कच्या होगन स्टँडवर चढतो, आयरिश भाषेत दोन वाक्यं बोलतो आणि कप डोक्यावर धरतो. ती दोन वाक्यं शाळेनंतर कधी आयरिश न बोललेल्यांनाही पाठ करावी लागतात.

जाता जाता. २०२५ ला टिपररी जिंकली, कॉर्कला ३-२७ विरुद्ध १-१८ असं हरवून. मध्यंतराला टिपररी सहा पॉइंटांनी मागे होती, दुसऱ्या अर्ध्यात कॉर्कला फक्त दोन पॉइंट करू दिले. कप्तान होता रोनन माहर, क्लब थर्ल्स सार्सफिल्ड्स.

सदाशिवपेठी शंका

थर्ल्सचा माहर, आणि या वेळी अंतिम सामन्याला हजर. माझा आक्षेप मागे घेत नाही, पण स्थगित ठेवतो.

वसईकर मावशी

माझा भाचा लिमरिकला असतो, यंदा मे महिन्यात जायचं चाललंय. हे सगळं बघायला मिळेल का? चालायला फार नको हं, गुडघे बोलतात.

गवती चहा

मावशी, लिमरिकहून थर्ल्सला गाडीने जा, लिमरिक जंक्शनला बदलावी लागते. गावातल्या लिबर्टी स्क्वेअरवर हेज हॉटेल अजून आहे, आत बसून चहा घ्या. तिथून जवळच लार ना पार्के नावाचं जीएएचं छोटं संग्रहालय, जुन्या काठ्या आणि जर्सी तिथे. सेंपल स्टेडियमही स्टेशनपासून फार लांब नाही. मे म्हणजे मन्स्टर प्रांताचे सामने ऐन भरात, रविवारी टिपररीचा सामना तिथे लागला तर तिकीट ऑनलाइन आधीच काढून ठेवा, दारात मिळत नाही. बरला जायचं तर भाच्याला गाडी काढायला सांगा. तिथल्या किल्ल्यात १८४५ ची लॉर्ड रॉसची अजस्र दुर्बीण आहे, ७२ इंची आरशाची, १९१७ पर्यंत जगातली सगळ्यात मोठी. हर्लिंगचा कंटाळा आला तर भाच्यासाठी तेवढीच सोय.

गार्डचा डबा

मावशी, लिमरिकहून बॅलीब्रॉफीला नेना-रॉस्क्रेमार्गे जाणारी एक जुनी शाखा अजून चालू आहे. गाड्या दिवसाला मोजक्या आणि वेग बेताचा, पण खिडकीतून सगळी टिपररी दिसते. वेळापत्रक नीट बघून जा, चुकली तर पुढची संध्याकाळीच.